करून पाहिलेल्या पाककृती : प्रस्तावना

मराठीत पाककृतींची पुस्तकं छापली जाऊ लागल्याला दीडशे वर्षं झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 सालचं. तेव्हापासून कविता, कादंबरी, नाटक यांवर मराठीत जेवढी समीक्षा झाली, तिच्या पासंगालाही पाकपुस्तकांवरचं लेखन पुरत नाही. पाकपुस्तकाची दखल घेतलीच तर 'गृहिणींना उपयुक्त' एवढ्यावर भागवलं जातं. दिलेल्या मापाने चकली केली तेव्हा ती कुरकुरीत झाली की तेलात विरघळली, हे बहुधा कोणी छापून सांगत नाही.

निवाडा मात्र रोज होतो. पुस्तकातली भाजी पानात पडते, 'बरी झालीय' किंवा 'पुन्हा नको करूस' एवढं बोललं जातं आणि ताटं उचलली जातात. ती कृती का फसली, माप चुकीचं छापलं होतं का, गूळ ओला होता का, आच मोठी होती का, याचा विचार करणारी एकच व्यक्ती घरात असते आणि तिचं म्हणणं लिहून ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. हातातलं पुस्तक हे म्हणणं लिहून ठेवण्यासाठी झालं आहे. जुन्नर तालुक्यातल्या वारूळवाडी, नारायणगाव आणि आसपासच्या घरांतल्या बायकांनी, आणि काही पुरुषांनीही, छापील पुस्तकांतल्या कृती जशाच्या तशा करून पाहिल्या आणि काय झालं ते लिहिलं. या विषयाची वाट मराठीत फारशी मळलेली नसल्यामुळे प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी परंपरेकडे पाहू. स्वयंपाकाविषयी लिहिणं आपल्याकडे जुनंच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मांडे, वडे, इडलीचा पूर्वज मानला जाणारा पदार्थ, नाना तऱ्हेची मांसं असं बरंच काही आहे. पण तो ग्रंथ राजाच्या उपभोगांचं वर्णन करतो. वाचणाऱ्याने चूल पेटवावी ही त्याची अपेक्षा नाही. सतराव्या शतकातल्या रघुनाथ पंडिताचा संस्कृत 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ अन्नाचे गुणदोष आयुर्वेदाच्या अंगाने सांगतो. तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारातून 'शरभेंद्र पाकशास्त्र' आलं, ते सरफोजी राजांच्या काळातलं. या साऱ्यांत माहिती आहे, रस आहे. पण कृती करणारा माणूस आधीच जाणकार आहे असं धरलेलं आहे. राजवाड्यातल्या आचाऱ्याला 'पीठ किती' हे सांगायची गरजच नव्हती.

छापील पुस्तकाने ही गरज निर्माण केली. पुस्तक विकत घेणारी बाई लेखकाला माहीत नसते आणि तिला विचारायला शेजारी कोणी असेलच असं नसतं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 साली मुंबईत निघालं. हजार हा आकडा नावातच मिरवणाऱ्या या पुस्तकाने पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघरातले मासे-मटणाचे प्रकार कागदावर आणले. पुढे 1943 साली सारस्वत महिला समाजाचं 'रसचंद्रिका' आलं. जातीच्या, समाजाच्या स्वयंपाकाची नोंद ठेवणारं हे घराणं आजही चालू आहे. सीकेपी, कोकणस्थ, देशस्थ, खानदेशी, मालवणी, प्रत्येकाचं पुस्तक मिळतं. या पुस्तकांचं बळ असं की त्यांतला पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या हातांखालून गेलेला असतो. दुबळेपणाही तिथूनच येतो. जे घरात सगळ्यांनाच ठाऊक, ते लिहायचं राहून जातं आणि बाहेरची बाई नेमकी तिथे अडते.

ही अडचण ओळखणारं पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा', 1970 सालचं. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या, औपचारिक शिक्षण बेताचं असलेल्या बाईंनी एक काम फार विचारपूर्वक केलं: तराजू बाजूला ठेवला आणि घरातली वाटी, चमचा हेच माप मानलं. नव्याने संसार मांडलेल्या मुलीकडे तराजू नसतो, वाटी असते. 'रुचिरा'च्या लाखाहून जास्त प्रती खपल्या आणि कमलाबाईंना 'एक लाख सुनांची सासू' म्हणू लागले. ही पदवी प्रेमाची आहे, पण तिच्यात खरं निरीक्षण आहे. सासूने शेजारी उभं राहून जे सांगायचं ते पुस्तक सांगू लागलं होतं. मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा', जयश्री देशपांडे यांचं 'हमखास पाकसिद्धी' ही त्याच वाटेवरची पुस्तकं. 'हमखास' या नावाने तर वाचकाला सरळ शब्दच दिला आहे आणि दिलेला शब्द तपासून पाहण्याचा हक्क वाचकाला आपोआप मिळतो. 1973 पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'ने पानांच्या पाठीमागे पाककृती छापून त्या भिंतीवरच टांगल्या, दिवाळी अंकांनी स्पर्धा घेतल्या, 1993 साली दूरचित्रवाणीवर 'खाना खजाना' सुरू झालं आणि कृती वाचण्याऐवजी पाहण्याची सवय लागली.

या मुख्य प्रवाहाला दोन पुस्तकांनी वेगळं वळण दिलं असं मला वाटतं. दुर्गाबाई भागवतांच्या 'खमंग'मध्ये पदार्थासोबत त्याचा इतिहास, माणसं आणि प्रदेश येतात. शाहू पाटोळे यांच्या 2015 सालच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'ने विचारलं की मराठवाड्यातल्या महार-मांग वस्तीतलं अन्न पाकपुस्तकांत का नाही. हा प्रश्न परीक्षण करणाऱ्यालाही लागू पडतो. साजूक तूप, काजू, खवा हाताशी आहेत असं धरून लिहिलेली कृती आणि तेलाचा थेंबही मोजून वापरावा लागे तिथली कृती यांना एकच कसोटी लावली तर निकाल आधीच ठरलेला असतो. टंचाईतून आलेला पदार्थ 'कोरडा लागला' म्हणून बाद करणं हा अन्याय आहे.

आता निवाडा कसा करतात ते पाहू. यात तीन घराणी दिसतात. पहिलं संस्थांचं. इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टन यांनी 1845 सालच्या पुस्तकात साहित्याची मापं आणि लागणारा वेळ कृतीपासून वेगळा काढून नेमका दिला आणि कृती स्वतःच्या घरात करून पाहिल्याचं सांगितलं. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी 1896 साली कप-चमचा सपाट भरून मोजण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या अन्नासाठी 'अतिशय आवडलं' ते 'अजिबात आवडलं नाही' अशी नऊ पायऱ्यांची आवडीची पट्टी तयार झाली, तीच आज आपल्याकडच्या गृहविज्ञान महाविद्यालयांत शिकवतात. दुसरं घराणं घरचं: हात सैल सोडणारं, 'मी आपलं थोडं आलं जास्त घातलं' म्हणणारं. तिसरं जाणकारांचं, जे कृती न करता नुसती वाचून सांगतात की हे जमणार नाही. अनुभवी सुगरणीला वाचूनच पुष्कळ कळतं, यात शंका नाही. पण वाचून दिलेला निकाल कधीकधी केवळ सवयीचा असतो: आमच्याकडे असं करत नाहीत, म्हणून ते चुकीचं.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा कृती अक्षरशः लिहिल्याप्रमाणे करावी. आलं वाढवून, साखर कमी करून, कढईऐवजी कुकर लावून पदार्थ केला तर निकाल आपल्या पदार्थाचा लागतो, पुस्तकाचा लागत नाही. दुसऱ्या वेळी हवे ते बदल करावेत आणि ते वेगळे लिहावेत. एवढं पथ्य पाळलं तरी घरचा निवाडा संस्थेच्या निवाड्याइतका विश्वासार्ह होतो. किंबहुना जास्तच, कारण प्रयोगशाळेत गॅस संपत नाही, पाहुणे येत नाहीत आणि वीज जात नाही.

पण नेमकं पारखायचं काय? चव हे उत्तर अपुरं आहे. या भागातली मासवडी घ्या. नाव माशाचं, पदार्थ शाकाहारी, आणि जुन्नर-आंबेगावात पाहुणचाराचा मान तिचाच. फोडणीच्या पाण्यात बेसन सोडून घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचं, त्यावर तीळ, भाजलेलं खोबरं, परतलेला कांदा, लसूण, खसखस, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, फडक्याच्या आधाराने वळकटी करून तिला माशासारखा निमुळता आकार द्यायचा आणि वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर, बाजरीच्या भाकरीशी खायची. छापील कृतीत हे सगळं असतं. 'पीठ घट्ट शिजवावे' असंही असतं. किती घट्ट, हे नसतं. पाणी कमी झालं तर वळताना वडी तडकते. जास्त झालं तर सारणाच्या ओझ्याने बसते आणि रश्श्यात विरघळते. इथल्या बायका एक खूण सांगतात. झाकण ठेवून वाफ आणायची, मग पाण्याचा हात लावून पीठ दाबून पाहायचं. बोटांना चिकटलं नाही की उतरवायचं. आणि थापताना थांबायचं नाही, कारण बेसन निवलं की ते ताणलं जात नाही, मोडतं. हे वाक्य ज्या कृतीत आहे ती कृती चांगली. नसेल तर तिची मापं सोनाराच्या काट्यावर तोललेली असोत, नवख्या हाताला ती उपयोगाची नाही.

यावरून मला जी कसोटी महत्त्वाची वाटते ती अशी: पदार्थ जिथे बिघडू शकतो त्या क्षणी पुस्तक आपल्याशी बोलतं का? 'दहा मिनिटे परतावे' याला फारसा अर्थ नसतो. कढईची जाडी आणि ज्योत घरोघरी निराळी. 'कडेने तेल सुटेपर्यंत', 'रवा हलका होऊन उलथन्यावरून सरसर घसरेपर्यंत', 'पाकाची गोळी ताटलीत वाजेपर्यंत' याला अर्थ असतो. अनारशांचं उदाहरण प्रत्येक घरात घडलेलं आहे. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत सुकवून ओलसर असतानाच दळले, गूळ मिसळून पीठ मुरवलं, आणि तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे जाळी न पडता पसरून फुटला. कारण बहुतेक वेळा गूळ किंवा ओल जास्त झाली हे असतं आणि थोडी तांदळाची पिठी मळून घेतली तर पुष्कळदा निभावतं. जे पुस्तक अनारसा हसण्याची शक्यता मान्य करतं आणि तेव्हा काय करायचं ते सांगतं, त्याच्यावर मी विश्वास ठेवते.

दोष नेहमी पुस्तकाचा असतो असंही नाही. वारूळवाडीत बसून हे काम करण्याचा मोठा फायदा म्हणजे जिन्नस कुठून येतो ते डोळ्यांसमोर असतं. नारायणगावचा टोमॅटो बाजार इथून हाकेच्या अंतरावर. तिथून क्रेट भरभरून माल दूरदूरच्या राज्यांत जातो. लांबचा प्रवास सोसावा म्हणून आजचे संकरित वाण जाड सालीचे, टणक असतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकात 'दोन टोमॅटो' लिहिले तेव्हा लेखिकेच्या नजरेसमोर पातळ सालीचा, आंबट, रसाळ गावठी टोमॅटो होता. आज तेवढेच दोन टाकले तर सार पुरेसं आंबट होत नाही आणि वाचणारीला वाटतं की पुस्तक चुकलं. तांदळाचं तसंच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी भात आला तो 1980च्या दशकात. त्याआधीच्या पुस्तकातली पाण्याची मापं या चिकट, मऊ तांदळाला जुळणार कशी? 'चार मिरच्या' म्हटलं तर लवंगी की बेडगी हे न सांगता ते माप पुरं होत नाही. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ उशिरा शिजते, कारण पाण्यातले क्षार डाळीच्या पेशी मऊ होऊ देत नाहीत. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटरवर राहतो. इथे पाणी मुंबईपेक्षा दोनेक अंशांनी आधीच उकळतं आणि उघड्या पातेल्यातल्या कडधान्याला जास्त वेळ लागतो.

जुन्या मापांचं प्रकरण तर स्वतंत्र अभ्यासाचं आहे. तोळा साधारण 11.66 ग्रॅमचा, ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. पण हा झाला वजनाचा शेर. धान्य मापायचा शेर भांड्याचा. चार शेरांची पायली, आणि ती प्रदेशाप्रदेशाला बदलणारी. जुन्या पुस्तकात नुसतं 'शेरभर पीठ' असेल तर वजनाचा धरायचा की मापाचा, हे पदार्थ करून पाहिल्याशिवाय उलगडत नाही. 1956च्या कायद्यानंतर दशमान वजनं आली आणि पुस्तकांनीही ग्रॅम-लिटर घेतले, तरी वाटी सुटली नाही. सुटायला नकोही; फक्त ती केवढी हे एकदा सांगावं.

हे सगळं आत्ताच का करायचं? एक कारण असं की शिकवणारे हात लांब गेले आहेत. मुली-मुलगे पिंपरी-चिंचवडला, बंगळूरला, परदेशात राहतात. पिठलं कसं करायचं हे फोनच्या पडद्यावर शोधतात आणि तिथे मिळालेल्या कृतीची जबाबदारी कोणीच घेत नाही. चित्रफितीत कापाकापी करता येते. फसलेली वडी दिसतच नाही. छापील पुस्तक निदान एका नावाखाली, एका सालाखाली उभं असतं, त्याला जाब विचारता येतो. दुसरं कारण पोटापाण्याचं. जुन्नर तालुका 2018 मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट पाहायला येणारी माणसं मासवडी मागतात. घरगुती खाणावळ चालवणाऱ्या, बचत गटातून मसाला विकणाऱ्या बाईला आज चार माणसांचं आणि उद्या पन्नास माणसांचं करायचं असतं. तिला अंदाज पुरत नाही, पडताळलेलं माप लागतं. मीठ, तिखट, फोडणी सरळ गुणाकाराने वाढवून चालत नाही, आणि हे आपल्या बहुतेक पाकपुस्तकांनी सांगितलेलं नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत जवळचं. स्वयंपाकातलं ज्ञान हे बुद्धीचं काम आहे असं आपण म्हणतो, पण त्याला बुद्धीच्या कामासारखं वागवत नाही. ज्या कामाची नोंद होत नाही, तपासणी होत नाही, मतभेद छापले जात नाहीत, ते काम 'बायकांना जमतंच' या खात्यात जमा होतं. शेतकऱ्याने नवं वाण लावलं तर तो एकरी उतारा लिहितो, औषधाची मात्रा लिहितो, शेजाऱ्याशी ताडून पाहतो. द्राक्षबागायतदारांची वही पाहिलीत तर थक्क व्हाल. त्याच घरातल्या स्वयंपाकघरात तेवढेच बारीक प्रयोग होतात आणि त्यांना वही नसते.

म्हणून या संग्रहातल्या नोंदींना एक शिस्त आहे. पुस्तक कोणतं, आवृत्ती कोणती, हे आधी. मग घरातली वाटी किती मिलिलिटरची, भांडं कशाचं, चूल की गॅस, पाणी नळाचं की बोअरचं, टोमॅटो-मिरची कुठली. पहिला प्रयत्न तंतोतंत, दुसरा स्वतःच्या मर्जीचा, आणि दोन्हींतला फरक. जेवणाऱ्यांची मतं नावांशिवाय दिली आहेत, पण वय दिलं आहे, कारण सत्तरीतल्या आजींचा आणि दहा वर्षांच्या मुलाचा 'तिखट' एक नसतो. शेवटी करणारीचा निर्णय: पुन्हा करेन, बदल करून करेन, करणार नाही. गुण दिलेले नाहीत. पाचपैकी साडेतीन म्हटल्याने कोणाला काही कळत नाही; 'सारणात ओला नारळ सांगितला आहे, तो दुसऱ्या दिवशी आंबतो' एवढं म्हटलं की कळतं. जिथे दोन घरांचे निकाल उलट आले तिथे दोन्ही छापले आहेत, मधला मार्ग काढलेला नाही.

काही उणिवा सांगायला हव्यात. नोंदींत गोडधोड आणि फराळ यांचं पारडं जड आहे, कारण पुस्तक उघडायची वेळ बहुधा सणालाच येते. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या रानभाज्या, नाचणी-वरईचे पदार्थ फार थोडे आले. त्यांच्याविषयी छापलेलंच कमी असल्यामुळे पडताळायचं कशाशी हा प्रश्न होता. मटण-मासे आहेत, पण हवे तेवढे नाहीत. यातली दुसरी उणीव मला जास्त टोचते, आणि ती भरून काढायची तर आधी त्या घरांतून कृती लिहून घ्याव्या लागतील.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक कपाटात न ठेवता ओट्यावर ठेवा, त्याला तेलाचे डाग पडू द्या. यातला निकाल तुमच्या घरात खोटा ठरला तर समासात पेन्सिलीने तसं लिहा. सोबत तारीख, वाटीचं माप आणि तांदूळ-पिठाचं वाण लिहायला विसरू नका. तुमच्याकडे आईची, आजीची 'रुचिरा' किंवा 'अन्नपूर्णा' असेल आणि तिच्या समासात काही लिहिलेलं असेल, तर ते उतरवून घ्या आणि आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत त्या नोंदींना जागा ठेवली आहे.

वारूळवाडी, ता. जुन्नर, जि. पुणे